चौथ्यांदा परीक्षेला बसण्यापूर्वी

एका तरुण वाचकाच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

वय 22. आईवडील मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी असून दिवाळीच्या सुमारास ते ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. मुलाचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका चांगल्या गुणांनी मिळवून त्याने पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाचे सर्व विषय सुटले. परंतु दुसऱ्या वर्षाचा गणिताचा विषय, म्हणजे मुलांच्या भाषेतला 'एम-थ्री', तीन प्रयत्नांतही सुटला नाही. त्यामुळे अंतिम वर्षाला प्रवेश मिळाला नाही, 'वायडी' ('इयर डाउन', म्हणजे वर्ष वाया जाणे) झाले आणि शिष्यवृत्तीही थांबली. सध्या तो कॉट बेसिसवर राहतो, रात्री एकपर्यंत जेवणाच्या ऑर्डरी पोहोचवतो आणि दुपारी उठतो. घरी यातले काहीच ठाऊक नाही. वडील कारखान्यावरून फोन करतात तेव्हा "कंपन्या कधी येणार?" असे विचारतात. धाकटी बहीण बारावीत आहे. तो विचारतो : "माझ्यात चिकाटीच कमी आहे का? आता शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरावी, बहिणीसाठी वाट मोकळी करावी, की चौथ्यांदा परीक्षेला बसावे? आणि बसून पास झालो तरी एक वर्ष वाया गेलेल्या मुलाला नोकरी कोण देणार?"

तिसऱ्या वर्षाचे सर्व विषय सुटले, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकले आहे आणि न सुटलेल्या एका विषयावर जवळजवळ तीन पाने लिहिली आहेत. मला त्या एका ओळीपासून सुरुवात करावीशी वाटते. हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन हे यंत्र अभियांत्रिकीतले सोपे विषय नव्हेत, आणि मेसचे पैसे वेळेवर भरता येतील की नाही या विवंचनेत तुम्ही ते सोडवले आहेत. ज्याच्या अंगी चिकाटी नाही त्याच्या हातून हे होत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. कमी पडले ते दुसरेच काही, आणि ते काय याचा शोध न घेता तुम्ही नुसता जोर वाढवत राहिलात, तर चौथा प्रयत्नही तिसऱ्याच्याच वाटेने जाण्याची भीती आहे.

बारावीतून आलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात एम-वन आणि एम-टू हे गणिताचे दोन विषय करतो आणि मगच एम-थ्रीकडे वळतो. पदविकेतून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना ही दोन सत्रे मिळतच नाहीत. त्यातच या प्रवेशफेऱ्या लांबतात, आणि पुष्कळदा ही मुले वर्गात पोहोचतात तेव्हा शिकवणे बरेच पुढे गेलेले असते. पार्शल डिफरन्शिएशन सगळ्यांना येते असे गृहीत धरून प्राध्यापक डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह शिकवू लागतात आणि तुमच्यासारखा मुलगा सूत्र वहीत उतरवून घेतो. परीक्षेत तेच उदाहरण आले तर ते सुटते, थोडे फिरवून आले की पेन अडते. याला बुद्धीची किंवा मेहनतीची उणीव म्हणणे चूक आहे. मधले गणित कोणी शिकवलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मात्र तीनही वेळा तेच प्रश्नसंच, तोच क्रम आणि त्याच नोट्स घेऊन बसलात, असे तुमच्याच पत्रावरून दिसते.

म्हणून माझी पहिली सूचना अभ्यासाचे तास वाढवण्याची नाही. निकाल लागल्यावर ठरावीक दिवसांत शुल्क भरून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मुले ती बहुधा चार-दोन गुण वाढतील का, एवढेच पाहायला मागवतात आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला की बाजूला टाकतात. तुम्ही ती पान-पान वाचा आणि पेन नेमके कोणत्या ओळीवर अडले तिथे खूण करा. लाप्लासचे सूत्र बरोबर लिहिले, पण इन्व्हर्स काढताना पार्शल फ्रॅक्शन फसले. डिफरन्शियल इक्वेशनच्या उत्तराचा पहिला भाग (सीएफ) बरोबर आला, पण दुसरा भाग (पीआय) काढताना इंटिग्रेशन बाय पार्ट्समध्ये चिन्ह चुकले. असे काहीतरी सापडेल. या विषयात अडलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या की दुखऱ्या जागा तीन-चारच निघतात आणि त्या बहुतेक वेळा एम-थ्रीच्या नसून त्याआधीच्या गणिताच्या असतात. छायाप्रतीची मुदत टळली असेल, तर मागची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि महाविद्यालयातल्या गणिताच्या प्राध्यापकांसमोर ठेवा. 'सर, मला एम-थ्री समजत नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला कोणीही फारशी मदत करू शकत नाही. 'सर, या ओळीनंतर मला पुढे जाता येत नाही' असे म्हणणाऱ्याला दहा मिनिटांत बरेच काही दाखवता येते. त्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे एम-थ्रीचे पुस्तक मिटून ठेवून इंटिग्रेशन, पार्शल फ्रॅक्शन आणि पार्शल डिफरन्शिएशन एवढेच करा. परीक्षा डोक्यावर असताना हे उलटे वाटेल, पण करा. आणि तुमच्या महाविद्यालयात पदविकेतून आलेला, एम-थ्री सुटलेला एखादा सीनियर नक्कीच असेल. कोणत्याही क्लासपेक्षा तो तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, कारण त्याची अडचण तुमच्यासारखीच होती.

आता रात्रीच्या कामाविषयी. काम करणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत त्याला तसे सांगणे हा उद्धटपणा होईल. परंतु या कामातून हातात खरोखर किती पडते, याचा हिशेब तुम्ही एकदा कागदावर मांडावा. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, मोबाइलचा खर्च वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यासाठी तुम्ही दिवसातला सगळ्यात ताजा वेळ देत आहात, आणि दोन वर्षांनी त्या कामाचा अनुभव म्हणून सांगण्यासारखे तुमच्याजवळ फारसे काही नसेल. तुमच्याकडे पदविका आहे, हे तुम्ही पत्रात जणू विसरूनच गेला आहात. भोसरी, चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात पदविकाधारकांना ट्रेनी म्हणून घेणारे कारखाने आहेत. क्वालिटी विभागात किंवा सीएनसी मशीनवर काढलेले सहा महिने तुमच्या बायोडाटात त्या वर्षासमोर लिहिता येतील. पदविकाधारकांना राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेतून विद्यावेतनासह प्रशिक्षणही मिळते. मात्र कुठेही सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : पाळी दर आठवड्याला बदलते का, परीक्षेसाठी रजा मिळते का, आणि पदवीला नाव नोंदलेले असताना ही उमेदवारी चालते का. ज्यांना पूर्णवेळ काम झेपणार नाही त्यांनी आपल्या महाविद्यालयात 'कमवा व शिका' योजना आहे का हे पाहावे. पुण्यात ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती 1955 पासून काम करते आहे. तिच्यासारख्या संस्थांचे अर्ज ठरावीक काळातच निघतात, त्यामुळे चौकशी लवकर करावी लागते.

शिष्यवृत्तीचा निर्णय मित्रांच्या सांगण्यावरून गृहीत धरू नका. नापास वर्षासाठी लाभ सहसा मिळत नाही, पण पुढच्या वर्गात प्रवेश मिळाल्यावर तो पुन्हा सुरू होतो का, हे योजनेवर अवलंबून असते. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर मागा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता तुम्हाला यापूर्वी मिळत होता का, याचा पत्रात उल्लेख नाही. मिळत नसेल तर अंतिम वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी त्याची चौकशी जरूर करा.

पत्रातला सगळ्यात जड भाग मात्र पैशाचा नाही, घरापासून लपवण्याचा आहे. 'आईवडिलांना हे समजणार नाही' असे तुम्ही लिहिता. मला ते पटत नाही. हंगाम सुरू होण्याआधी तुमच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली असेल. ऊस कमी मिळाला, कोणी आजारी पडले, कारखाना लवकर बंद झाला, तर ती फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर जाते, हे त्यांनी किती वेळा पाहिले असेल? एक विषय राहिला आणि त्याची बाकी पुढच्या वर्षावर ओढली गेली, हे कळायला त्यांना अभियांत्रिकीचे ज्ञान लागत नाही. त्यांना न समजणारी आणि न सोसणारी गोष्ट वेगळीच असेल : मुलगा वर्षभर एकटा हे वागवत होता आणि फोनवर 'सगळे ठीक आहे' म्हणत होता.

तुमचे मौन त्यांच्या काळजीपोटी आहे हे मी जाणतो. पण 'त्यांनी माझ्यासाठी एवढे सोसले, म्हणून मला अपयशी होण्याचा अधिकारच नाही' हा जो हिशेब तुम्ही मनाशी मांडला आहे, तो त्यांनी मांडलेला नाही, तुम्ही त्यांच्या नावावर टाकला आहे. शिवाय या लपवाछपवीला रोज बळ खर्च होते. कोणता मित्र गावी जाणार आहे, तो काय बोलेल, वडिलांना या महिन्यात काय सांगायचे, हे सगळे सांभाळण्यात जी चिकाटी खर्ची पडते आहे, ती अभ्यासाच्या वाट्याला कशी येणार? सांगताना आधी योजना ठरवा आणि मग बोला. काय राहिले, परीक्षा कधी आहे, तोवर खर्च कसा भागेल आणि त्यांच्याकडून तुम्हाला काय हवे आहे, एवढे स्पष्ट असले की घाबरण्याचे कारण अर्धे कमी होते. फड संपवून थकून आलेल्या माणसाला रात्री फोनवर हे सांगू नका. जमल्यास एक दिवस काढून कारखान्यावर जा आणि समोर बसून बोला. वडिलांपेक्षा आईशी आधी बोलणे सोपे असेल तर तसे करा. वडील रागावले तर रागावू द्या. त्या रागाची भीती तुम्ही वर्षभर आधीच भोगून झाली आहे.

झोप लागत नाही आणि 'कशातच अर्थ वाटत नाही', असे तुम्ही शेवटच्या पानावर ओझरते लिहिले आहे. ते मी ओझरते वाचणार नाही. 14416 हा शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटेपर्यंत गोष्ट गेली असेल तर आजच फोन करा आणि खोलीतल्या एका तरी मित्राला ते सांगा. परीक्षेचा विचार त्यानंतरचा.

बहिणीसाठी वाट मोकळी करण्याचा तुमचा विचार मनाला भिडतो, पण तो वस्तुस्थितीवर उभा नाही. तुम्ही शिक्षण सोडल्याने तिच्या फीचा प्रश्न सुटतो असे तुम्ही धरून चालला आहात. राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये निर्णय घेऊन 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अनुसूचित जाती-जमातींसारख्या घटकांसाठी त्यांच्या स्वतंत्र योजना आधीपासून आहेत. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेला प्रवेश ही सवलत घालवून बसतो. राहण्या-जेवणाचा खर्च यात येत नाही, हे खरे. त्यासाठी ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरिता असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. तुमच्या त्यागापेक्षा तिला या क्षणी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि प्रवेशाचे वेळापत्रक नीट सांभाळणारा भाऊ अधिक हवा आहे. हे काम तुम्ही पुण्यात बसून करू शकता.

आता सोडावे की बसावे, या मुख्य प्रश्नाकडे येतो. तुम्ही 'टिकून राहणे' आणि 'थांबणे' यांना एकमेकांच्या विरुद्ध समजता. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये लंडनमधले शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1921 मध्ये एम.एस्सी. झाले. पुढे डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. तो सुधारून पुन्हा सादर करावा लागला आणि 1923 मध्ये ती पदवी मिळाली. एवढ्या थोर माणसाचे नाव काढून तुमच्यावर दडपण आणण्याचा माझा हेतू नाही. तसले दडपण आपल्याकडे जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून पुरेसे आणले जाते. त्या भाषणांत अठरा-अठरा तासांचा अभ्यास सांगितला जातो, पण ही परवानगी आणि हे कर्ज बहुधा सांगितले जात नाही. ते थांबले, पण कागद करून थांबले. आणि पुन्हा निघताना मदत मागायला संकोचले नाहीत.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की परीक्षा विभागात जाऊन दोन गोष्टी लेखी विचारा. पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती, आणि तुमच्या पॅटर्नच्या परीक्षा आणखी किती वेळा होणार? अभ्यासक्रम बदलला की जुन्या पॅटर्नच्या परीक्षा फार काळ चालत नाहीत, आणि हे न कळल्यामुळे अडकलेली मुले थोडी नाहीत. ही उत्तरे हाती आली की तुम्हाला स्वतःशी एक मर्यादा ठरवता येईल. माझे मत विचाराल तर चौथ्यांदा जरूर बसा, पण आधी म्हटल्याप्रमाणे अभ्यासाची रीत आणि कामाची वेळ बदलून बसा. एवढे करूनही विषय सुटला नाही, तर मुदत आणि पैसा पाहून पदवी बाजूला ठेवण्याचा निर्णय घेतलात तरी तो पळपुटेपणा ठरणार नाही. पदविकेवर रेल्वे आणि केंद्रीय खात्यांतील कनिष्ठ अभियंत्यांच्या परीक्षा देता येतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन राज्यसेवेची तयारी करण्याचा जो विचार तुम्ही लिहिला आहे, त्याला मात्र मी आत्ता साफ नकार देईन. त्या परीक्षेला पदवी लागते, आणि अर्धवट पदवीपासून दूर जाण्यासाठी तिकडे वळलेली मुले दोन्हीकडून अडतात. अभियांत्रिकी खरोखरच सोडावी लागली, तर नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेण्याचा मार्ग उघडा आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. एकाच वेळी शेकडो मुले घेणाऱ्या मोठ्या कंपन्या कॅम्पसमध्ये बहुधा सलग साठ टक्के आणि खंड नसण्याची अट घालतात. त्यांतल्या काही तुम्हाला बंद होतील, हे मी लपवत नाही. पण यंत्र अभियंत्याला काम देणारे सगळेच कॅम्पसला येत नाहीत. मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे मध्यम आणि लहान कारखाने ओळखीतून, सीनियरकडून आणि प्रत्यक्ष गेटवर दिलेल्या बायोडाटातून माणसे घेतात, आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर पदवी कोणत्या वर्षी मिळाली हे फारसे कोणी विचारत नाही. मुलाखतीत खंडाविषयी विचारले तर गरिबीची कहाणी सांगू नका आणि गोष्ट लपवूही नका. 'पदविकेतून आल्यामुळे गणिताचा पाया कच्चा होता, एक विषय राहिला, त्या वर्षात अमुक कारखान्यात काम केले आणि विषय सोडवला', एवढे सांगितले की पुरे. त्यानंतर बोलणे कामाकडे वळवा. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स वाचता येतात का, मायक्रोमीटर हाताळला आहे का, रिजेक्शन कशामुळे आले ते कसे शोधलेत, हेच त्यांना पुढे विचारायचे असते.